घरी पहिल्यांदाच साबण करतेय (मेल्ट अँड पोअर, म्हणजे तयार साबणाची लादी, 'बेस', वितळवून साच्यात ओतायची), दिवाळीसाठी उटण्याचे. सल्ला हवाय

अबोली
नमस्कार मंडळी. यंदा भाऊबीजेला बहिणी, वहिन्या, भाच्या मिळून बारा जणींना हाताने केलेलं काहीतरी द्यायचं मनात आहे. दरवर्षी आई घरचं उटणं करते, नागरमोथा, कपूरकचरी, वाळा, गुलाबपाकळी, संत्र्याची साल, आंबेहळद आणि थोडी साधी हळद, सगळं उन्हात वाळवून कुटून. तेच उटणं घालून साबण करावेत असं वाटलं. कॉस्टिक सोडा वगैरेच्या भानगडीत पडायचं नाहीये कारण घरात तीन वर्षांचा मुलगा आहे, म्हणून मेल्ट अँड पोअर. १ किलो पांढरा बेस ऑनलाइन मागवलाय, तो येऊन पडलाय आणि मी गेले चार दिवस नुसती त्याच्याकडे बघतेय.

प्रश्न असे की वितळवायचा कशात, माझ्याकडे मायक्रोवेव्ह नाही. उटणं किती घालायचं. वासासाठी काय. आणि आम्ही रत्नागिरीत, इथे दमट हवेत हे साबण टिकतात का? एका ओळखीच्या बाईंनी सांगितलं की तिच्या साबणांना घाम सुटला होता. घरात ताजं दूध, कोरफड, नारळाचा रस सगळं आहे, ते घातलं तर छान होईल ना? बजेट बेस सोडून हजारेक रुपये.

रानजाई
अबोली, आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर, कारण तिथेच सगळे चुकतात. ताजं दूध, कोरफडीचा गर, नारळाचा रस, किसलेली काकडी, ओली हळद यातलं काहीही घालू नकोस. मी माझ्या पहिल्या खेपेला ताजी कोरफड मिक्सरला लावून घातली होती, दिसायला इतके सुंदर झाले साबण, आणि दहाव्या दिवशी कडेला हिरवट काळे ठिपके आणि आंबूस वास, पंधराच्या पंधरा टाकले. बेस टिकतो कारण तो तसा बनवलेला असतो, त्यात आपण पाणी आणि ताजं अन्न घातलं की बुरशीला जेवायला वाढल्यासारखं होतं. दूध हवंच असेल तर दूध पावडर, कोरफड हवी तर कोरफड पावडर, किंवा सरळ गोट मिल्क बेस मिळतो तो घे. तुझं उटणं कोरडं आहे म्हणजे उत्तमच.

आता भांडं. घरात जुना दुधाचा कुकर आहे का, तो शिट्टीवाला, दोन पदरी, ज्याच्या पोटात पाणी भरतात? त्याच्याइतकं चांगलं भांडं या कामाला दुसरं नाही. नसेल तर पातेल्यात पाणी आणि त्यात स्टीलचा गंज, म्हणजे उभं भांडं. एकदा साबण केला की ते भांडं साबणाचंच, परत दूध त्यात तापवू नकोस, वास जात नाही.

पहिल्यांदा पूर्ण किलो वितळवू नको. २०० ग्रॅम घे. सुरीने दीड-दोन सेंटीमीटरचे तुकडे कर, पनीरसारखे होतात. आच मंद. पाऊण वितळला की गॅस बंद, उरलेले तुकडे हलवता हलवता विरघळतात. बेस ५५ ते ६० डिग्रीला छान पातळ होतो, ७० च्या वर नेलास की पिवळट पडतो, जळका वास येतो आणि नंतर चिवट होतो. चमचा हळू फिरव, ताक घुसळल्यासारखं केलंस तर फेस होईल आणि तो फेस साबणावर तसाच बसेल.

मुलगा जवळ नको. वितळलेला साबण पाण्यासारखा ओघळत नाही, अंगाला चिकटून राहतो, त्यामुळे भाजतं ते खोल भाजतं. दुपारी तो झोपला की कर.

पुणे३८
साच्यांसाठी सल्ला: सिलिकॉनचा ६ खणांचा साचा, साधारण ८०-१०० ग्रॅमचा एक खण, दीडशे ते अडीचशेपर्यंत मिळतो. केकचं सामान विकणाऱ्यांकडे बघा, साबणाचा म्हणून मागितला की महाग देतात आणि केकचा म्हणून तोच स्वस्त. मुंबईला कोणी जाणार असेल तर क्रॉफर्ड मार्केटजवळ, पुण्यात रविवार पेठेत. ट्रायलसाठी श्रीखंडाचे रिकामे डबे पण चालतात.

साच्यात किती बेस मावेल हे काढायला तो खण पाण्याने भरा आणि ते पाणी वजनकाट्यावर मोजा, जेवढे ग्रॅम पाणी तेवढाच बेस धरून चाला, थोडाफार फरक पडतो पण अडत नाही. मग साचा अगदी कोरडा पुसा.

स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा नसेल तर हजारातले पहिले पैसे त्यावर घालवा. वासाचं प्रमाण अंदाजाने होत नाही.

मोगरावेल
वासाबद्दल मी सांगते. फ्रॅग्रन्स ऑइल (तयार केलेला सुगंध) घेताना त्यावर त्वचेसाठी चालतं असं लिहिलेलं बघ, मेणबत्तीचं किंवा डिफ्यूझरचं नको. एसेन्शियल ऑइल (वनस्पतीतून काढलेलं सुगंधी तेल) असेल तर बेसच्या १ टक्का, म्हणजे ५०० ग्रॅमला ५ ग्रॅम. फ्रॅग्रन्स ऑइल २ टक्क्यांपर्यंत. जास्त घातलं की जास्त दरवळतं असं नाही, तेल सुटून वर येतं आणि अंगाला खाज येते. लवंग आणि दालचिनीचं तेल पहिल्या खेपेला आणूच नको, ती तेलं त्वचेला फार तिखट. व्हॅनिला असलेला कुठलाही सुगंध पांढऱ्या बेसला काही दिवसांत तपकिरी करतो, तेही लक्षात ठेव.

तुझ्या उटण्याला माझ्या मते वाळ्याचं तेल. उटण्यात वाळा आहेच, तोच वास पुढे येईल. महाग असतं पण तुला लागणार ५-१० ग्रॅम. बदाम तेल, खोबरेल वगैरे वरून घालायचा मोह होतो, ५०० ग्रॅमला एक चहाचा चमचा, त्याच्यावर नाही, फेस मरतो.

दर्यावर
मी मालवणचा, गेली सहा वर्षं घरचे साबण करतोय, त्यामुळे घामाच्या प्रश्नावर हक्काने लिहितो. घाम म्हणजे साबण खराब झाला असं नाही. बेसमध्ये ग्लिसरीन भरपूर असतं आणि ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढतं, तेच पाणी थेंब थेंब होऊन वर बसतं. हात लावला की चिकट. वापरायला काही हरकत नसते पण भेट द्यायला वाईट दिसतो, आणि कागदात गुंडाळला असेल तर कागद चिकटून बसतो.

उपाय एकच, साचातून काढल्याकाढल्या, म्हणजे त्याच दिवशी, क्लिंग रॅपमध्ये घट्ट गुंडाळायचा, आत हवा राहता कामा नये. "एक दिवस वाळू दे" असं कोणी सांगेल, ते कॉस्टिकवाल्या साबणाचं, त्याला महिना महिना वाळवतात. हा वाळवायचा नाही, हा झाकायचा. मग हवाबंद डब्यात, सिलिका जेलची पुडी टाकून. छान दिसणारा कागद किंवा केळीच्या सोपाची दोरी वरून बांधायची.

फ्रिजमध्ये सेट करू नका. बाहेर काढला की थंड बाटलीवर येतं तसं पाणी येतं आणि मग तो घाम थांबतच नाही. फॅनखाली ठेवा, ८०-१०० ग्रॅमचा साबण दोन-तीन तासांत होतो. आणि आपल्याकडे पाऊस चालू असताना करूच नका, एखादा कोरडा दिवस बघा. दिवाळीला अजून तीन आठवडे आहेत, ऑक्टोबरचं कडक ऊन पडतंय, मिळेल दिवस.

पुणे३८
दर्यावर, फ्रिजबद्दल थोडं असहमत. साबण साच्यातून निघतच नसेल तर १० मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवून मी काढतो, काही होत नाही.

दर्यावर
पुण्यात होत असेल. आमच्याकडे नाही चालत, करून बघितलंय. न निघणारा साबण म्हणजे अजून झाला नाही, तासभर थांबायचं, मग कडा बाहेर ओढून हवा आत जाऊ द्यायची आणि अंगठ्याने खालून ढकलायचा.

अबोली
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं लिहाल वाटलं नव्हतं. आईच्या माळ्यावर दुधाचा कुकर निघाला! आज दुपारी २०० ग्रॅमची ट्रायल केली, एक चमचा उटणं, वाळ्याचं तेल अजून आलं नाही म्हणून बिनवासाचे. दोन साबण झाले. वितळवताना काही त्रास नाही, पण दोन गोष्टी झाल्या. एक, सगळं उटणं तळाशी बसलं, साबण उपडा केला तर वर गाळाचा थर आणि खाली पांढरा, आणि मधेमधे उटण्याच्या कोरड्या गुठळ्या. दुसरं, मला वाटलं होतं पिवळा होईल, तर तो विटकरी झालाय. उटणं जुनं झालं म्हणून का? ते मागच्या वर्षीचं आहे.

मोगरावेल
विटकरी रंगाचं मी सांगते, मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते. उटण्याचा दोष नाही. साबण अल्कधर्मी असतो, पीएच साधारण ९ ते १०, आणि हळद अल्कलीत लाल होते. कपड्यावर हळदीचा डाग पडला आणि त्याला साबण लावला की तो लाल होतो, बघितलं असशील. हळदीला चुना लावून कुंकू करतात ते हेच. त्यामुळे त्या रंगाला तसाच राहू दे, मला तर तो फार शोभतो दिवाळीला. पिवळाच हवा असेल तर साधी हळद न घातलेलं उटणं वेगळं कर आणि पिवळी मायका (चमकदार रंगाची पूड) किंवा पिवळा आयर्न ऑक्साइड चिमूटभर. खाण्याचे रंग नको, ते पसरतात आणि उडतात. हळदीचा रंगसुद्धा उन्हात उडतो, डबा अंधारात ठेव.

जुनं उटणं वापरायला हरकत नाही पण वास घेऊन बघ, पोरकीड तर नाही ना तेही बघ.

रानजाई
गुठळ्या आणि गाळ, दोन्हीचं मूळ एकच आहे, कोरडी पूड गरम बेसमध्ये थेट पडली. असं कर. उटणं आधी वस्त्रगाळ करून घे, मलमलच्या फडक्यातून, चाळणीतून नाही. नागरमोथ्याचे बारीक तूस राहतात ते अंगाला ओरखडे काढतात, आणि भेट देतेस तर कोणाची त्वचा कशी माहीत नसतं. मग वाटीत ते उटणं ग्लिसरीनच्या चमचाभरात कालव, गंध उगाळल्यासारखं झालं पाहिजे. उटण्याचं प्रमाण १०० ग्रॅम बेसला अर्धा चहाचा चमचा, त्याच्यावर गेलीस की साबण भुसभुशीत होतो.

आणि थांब. बेस वितळल्यावर उटणं घाल आणि गॅसवरून उतरवून हलवत राहा, सावकाश, दहा मिनिटं लागली तरी लागू दे. थर्मामीटर असेल तर ५० च्या आसपास, नसेल तर भांड्याच्या कडेला दुधावर धरते तशी साय धरायला लागली की समज वेळ झाली. तेव्हा तो घट्टसर असतो, पूड तरंगत राहते. सुगंध याच वेळी घालायचा, आधी घातला तर उडून जातो. मग लगेच साच्यात. यापुढे रेंगाळलीस तर भांड्यातच गोळा होईल, पण झाला तरी परत वितळव, या साबणाचं तेच तर सुख आहे. तुझे ते दोन गाळवाले सुद्धा कापून परत वितळव, फेकू नको.

वर बुडबुडे आले तर आयसोप्रोपिल अल्कोहोल स्प्रे बाटलीत भरून एकदा फवार, क्षणात फुटतात. मेडिकलमध्ये सांगितलं तर आणून देतात. पेट घेतं ते, म्हणून फवारायच्या वेळी गॅस बंद आणि देवाजवळचा दिवा लांब.

निशिगंध
मध्येच विचारते. वर गुलाबाच्या वाळलेल्या पाकळ्या लावल्या तर? ऑनलाइन फोटोत फार छान दिसतात.

रानजाई
फोटो काढेपर्यंत छान दिसतात. आठवड्याभरात तपकिरी होतात आणि पहिल्या आंघोळीत मोरीच्या जाळीत जाऊन बसतात. गुलाब हवा तर पाकळीची पूड घाल.

निशिगंध
बरं. आणि असे करून विकायचे असतील तर? आमच्या सोसायटीच्या दिवाळी मेळाव्यात स्टॉल मिळतोय.

पुणे३८
भेट देणं वेगळं, विकणं वेगळं. अंगाचा साबण सौंदर्यप्रसाधनात मोडतो, औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० आणि त्याखालचे २०२० चे कॉस्मेटिक्स रूल्स लागतात, उत्पादन परवाना राज्याच्या एफडीएकडून (अन्न व औषध प्रशासन) घ्यावा लागतो. बेस तयार आणलाय, मी फक्त वितळवला, हे कारण चालत नाही. लेबलवर घटक, बॅच नंबर, तारीख सगळं लागतं. आधी परवाना असलेल्या कोणाशी बोलून त्यांच्याकडून करून घेता येतं का ते बघा, मग स्टॉल घ्या.

मोगरावेल
भेट देतानाही चिठ्ठीवर घटक लिहावेत असं मला फार मनापासून वाटतं. कोणाला कशाची ॲलर्जी असेल सांगता येत नाही. आणि अबोली, तू स्वतः आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस बघ. छोट्याला इतक्यात नको लावू.

अबोली
झाले साबण!! परवा कोरडा दिवस मिळाला, उरलेले ८०० ग्रॅम आणि ते दोन गाळवाले मिळून किलोच झाला, ८० ग्रॅमचे बारा. वस्त्रगाळ करायला आईच बसली, फडक्यावर उरलेले तूस तिने मला मुद्दाम दाखवले, एवढे सगळे अंगाला घासले गेले असते. वाळ्याचं तेल १० ग्रॅम घातलं. साय धरेपर्यंत थांबणं सगळ्यात कठीण गेलं, तेरा मिनिटं लागली, घड्याळ लावून बसले होते. उटणं आता सगळीकडे सारखं, रवाळ ठिपके ठिपके, आणि रंग विटकरीच ठेवला. आई म्हणाली कौलांचा रंग आलाय.

साचातून काढून लगेच क्लिंग रॅप केले. एक मुद्दाम उघडा ठेवला होता दर्यावरांचं बघायला, रात्रीत थेंब आले त्याच्यावर. बाकीचे अकरा कोरडे ठणठणीत. त्या उघड्या साबणानेच काल मी आंघोळ केली, फेस मोतीपेक्षा कमी पण अंग कोरडं नाही पडलं आणि मोरीत वाळ्याचा वास दुपारपर्यंत होता. कोपराची टेस्ट ठीक.

म्हणजे अकराच उरले आणि द्यायचेत बारा, तर अजून अर्धा किलो बेस मागवतेय. या वेळी पारदर्शक घेऊ का? त्यात उटणं कसं दिसेल?

रानजाई
पारदर्शकात ठिपके उठून दिसतात, पण घाम आला की तोही लगेच दिसतो. बारावा पांढऱ्याचाच कर म्हणजे सगळे एकसारखे होतील, आणि उरलेल्यात पारदर्शकाचा प्रयोग दिवाळीनंतर, थंडी पडली की.