शब्दचर्चा : संप्रेरक, पीयूषिका आणि पान्हा

प्रश्न

सोलापुरात पूर्व भागात बाळंतिणींच्या बैठका घेते. आमच्या पत्रकात एक वाक्य आहे : ‘ऑक्सिटोसिन हे संप्रेरक पीयूषिका ग्रंथीतून स्रवते.’ ते वाचलं की बायका गप्प होतात. परवा एकीनं घाबरून विचारलं, ‘ग्रंथी म्हणजे गाठच ना? डोक्यात गाठ असते?’ हे शब्द आले कुठून? आणि घरातला एखादा शब्द मिळेल का?

प्रतिसाद

ताई, त्या बाईंचं भाषेचं ज्ञान पक्कं आहे. ‘ग्रंथि’चंच प्राकृतातून ‘गाठ’ झालं. फक्त आज ‘गाठ’ म्हटलं की आजार डोळ्यांपुढे येतो, म्हणून बैठकीत ‘रस तयार करणारा अवयव’ म्हणा. लाळेचा रस नळीतून तोंडात येतो, पण पीयूषिका (मेंदूच्या तळाशी असलेली), अवटू (गळ्यातली), अधिवृक्क यांना नळी नसते. त्यांचा रस थेट रक्तात मिसळतो, म्हणून त्या अंतःस्रावी. (अधिवृक्क म्हणजे वृक्काच्या, मूत्रपिंडाच्या वर बसलेली.)

‘संप्रेरक’ मला मनापासून आवडतो. सम् + प्र + ईर्, ईर् म्हणजे हलवणं, चालना देणं. ‘प्रेरणा’ही तिथलीच. १९०२ मध्ये बेलिस आणि स्टारलिंग या इंग्रज शरीरशास्त्रज्ञांनी कुत्र्याच्या लहान आतड्याच्या एका भागाचे मज्जातंतू (मेंदूशी निरोपांची ने-आण करणारे धागे) तोडले आणि त्यात आम्ल घातलं. तरी स्वादुपिंडातून रस आलाच, म्हणजे निरोप रक्तातून गेला होता. १९०५ मध्ये स्टारलिंगनी अशा निरोप्या द्रव्यांसाठी ‘हार्मोन’ हा शब्द वापरला. ज्या ग्रीक क्रियापदावरून तो घेतला त्याचा अर्थही चालना देणं, उद्युक्त करणं असाच. मराठी शब्द त्या अर्थाला अगदी चिकटून आहे.

पीयूषिकेची गोष्ट याहून गोड. इंग्रजी ‘पिट्यूटरी’च्या मुळाशी कफ या अर्थाचा लॅटिन शब्द आहे, कारण मेंदूतला कफ तिथून नाकात उतरतो असं पूर्वी मानत. आपण ती चूक उचलली नाही. ‘पीयूष’ म्हणजे अमृत, हे सगळ्यांना ठाऊक. पण अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात ‘पीयूषोऽभिनवं पयः’ असंही आहे : नुकत्याच व्यालेल्या गाईचं दूध, आपला चीक. आणि आईच्या अंगात दूध तयार करायला लावणारं प्रोलॅक्टिन याच ग्रंथीतून येतं!

घरातला शब्द म्हणाल तर ‘पान्हा’. संस्कृत ‘प्रस्नव’, त्याचा हा पान्हा. माझ्या आजीकडे पंढरपुरी म्हैस होती. आजी सड धुवायची, कासेवरून हात फिरवायची आणि थांबायची. मी घाई केली की म्हणायची, ‘थांब रे, अजून पान्हवली नाही.’ मिनिटभरात सड टरारायचे. त्या मिनिटात काय होत होतं ते मला फार उशिरा कळलं. स्पर्शाचा निरोप मज्जातंतूंतून मेंदूत जातो, पीयूषिकेच्या मागच्या भागातून ऑक्सिटोसिन रक्तात उतरतं, रक्ताबरोबर कासेपर्यंत पोचतं, तिथल्या बारीक पेशी आवळतात आणि साठलेलं दूध खाली येतं. परका माणूस आला, कुत्रं भुंकलं, की म्हैस ‘पान्हा चोरायची’. भीतीनं ॲड्रेनलिन हे दुसरं संप्रेरक वाढतं आणि ते पान्ह्याच्या आड येतं. चोरी म्हशीची नव्हतीच, बिचारी भ्यालेली असायची.

प्रतिसाद

पण ‘पान्हा’ गुराढोरांचा शब्द नाही का? बाळंतिणींना राग येईल.

प्रतिसाद

नाही येणार. ‘लेकराला बघून आईला पान्हा फुटला’ असं आपण सहज म्हणतो. ‘कास’, ‘सड’ मात्र जनावरांचेच, ते बैठकीत नकोत.

एक काळजी घ्या. पान्हा म्हणजे ऑक्सिटोसिन नव्हे. पान्हा ही घटना, ऑक्सिटोसिन तिचं कारण. दूध तयार होणं हेही पान्ह्यापेक्षा वेगळं. म्हणून एका शब्दाजागी दुसरा ठेवू नका, दोन्ही एकाच वाक्यात आणा : ‘बाळ ओढायला लागलं की निरोप डोक्यात जातो, तिथून ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक रक्तात उतरतं आणि पान्हा फुटतो.’

आणि हेही जरूर सांगा. ऑक्सिटोसिन या नावाचा ग्रीक अर्थ ‘त्वरित प्रसूती’, कारण गर्भाशयाला कळा आणणारं द्रव्यही हेच. बाळंतपणानंतर पहिले काही दिवस पाजताना ओटीपोटात कळ येते ती त्यामुळेच. त्या कळेला भिऊन पाजणं थांबवू नये.

प्रतिसाद

अक्कलकोटकडच्या आमच्या कानडी घरात चिकाला ‘गिण्णु’ म्हणतात. तुमच्या बैठकीत कानडी बायका असतील तर हा शब्दही चालेल.

प्रश्नकर्तीकडून

आज नवं वाक्य वाचलं. पान्हा म्हटल्यावर दोघी-तिघींनी आपापलं सांगितलं. एक म्हणाली, शेजारचं बाळ रडलं तरी माझा पदर भिजतो. मग मी पीयूष म्हणजे चीक हे सांगितलं, तर मागे बसलेल्या तेलुगू आजी सुनेकडे वळून म्हणाल्या, ‘मुर्रुपालु!’ आणि पुढचा अर्धा तास त्याच बोलत होत्या. पत्रकात आता चीक, गिण्णु आणि मुर्रुपालु तिन्ही शब्द घालतेय. ‘ग्रंथी’ काढला, ‘संप्रेरक’ ठेवलाय.