मुलगा डावखुरा आहे, कम्युनियन घेताना कुठला हात वर ठेवायचा?

नमस्कार मंडळी, आम्ही बडोद्यात असतो, मूळचे वसईचे. मुलाची पहिली कम्युनियन (चर्चमधल्या मिस्सा उपासनेत ख्रिस्तशरीर म्हणून पवित्र भाकर घेणं) जवळ आलीये आणि कॅटेकिझमच्या (धर्मशिक्षणाच्या) टीचरनी सगळ्या पोरांना शिकवलंय की डावा तळहात वर, उजवा खाली, फादरनी होस्ट (ती पातळ गोल भाकर) ठेवला की आमेन म्हणायचं आणि उजव्या हाताने उचलून तिथेच तोंडात घालायचा. आता आमचा हा पक्का डावखुरा, प्रॅक्टिसला साधा, मिस्सात अर्पण न केलेला होस्ट देतात तो उजव्या हाताने उचलताना सारखा पाडतोय, हात उलटे केले की बरोब्बर जमतं. पण सासूबाईंना डाव्या हाताने तोंडात घालणं अजिबात पटत नाही, त्या म्हणतात एवढं कशाला, सरळ जिभेवर घे, आम्ही नाही का गुडघे टेकून घ्यायचो, मिस्सासेवक (फादरना मदत करणारा मुलगा) हनुवटीखाली ताटली धरायचा. पोरगं जिभेवर घ्यायला लाजतंय कारण बाकी सगळे हातावर घेणार. उलटे हात चालतात का हो? आणि रांगेत कोणी वाकतं, कोणी हात जोडतं, कोणी गुडघा टेकतं, त्यातलं काय शिकवू? सकाळी त्याला गोळी असते ती दिली तर कम्युनियनआधीचा उपास मोडतो का?

उत्तर १: बिनधास्त चालतं. अमेरिकेतल्या बिशपांच्या सूचनेत तर सरळ लिहिलंय की डावखुऱ्याने हात उलटे ठेवावेत. हात स्वच्छ हवेत, फादरच्या बोटांतून होस्ट खेचायचा नाही आणि जागेवर परतताना चालत चालत खायचा नाही, एवढं सांभाळा. उपास एक तासाचा असतो, पाणी आणि औषध त्यात धरत नाहीत.

उत्तर २: सासूबाईंना चौथ्या शतकातलं सांगा :) जेरुसलेमच्या संत सिरिल यांच्या नावावर जी शिकवण आहे तिच्यात डावा हात उजव्याचं सिंहासन करा असं म्हटलंय, म्हणजे वर उजवाच, तुमचा मुलगा ठेवतो तसा. अर्थात त्यांचंही अगदी चूक नाही, जिभेवर घ्यायचा हक्क प्रत्येकाला आहे, २००४ च्या रोमच्या सूचनेत तो स्पष्ट दिलाय, पण तो हक्क घेणाऱ्याचा, आजीचा नव्हे. तरी जिभेवर घ्यायलाही एकदा शिकवून ठेवा कारण होस्ट द्राक्षारसात बुडवून देत असतील तर हातावर मिळत नाही.

उत्तर ३: वाकण्याबद्दल सांगतो, उभं राहून घेणार असेल तर त्याची पाळी यायच्या जरा आधी मान लववली की झालं. हात जोडून वाकणं आपल्याकडे १९६९ पासून मान्य आहे, भारतातल्या चर्चला रोमने उपासनेत भारतीय पद्धती आणायची जी बारा कलमं मंजूर केली त्यात अंजलिहस्त होता, त्यामुळे त्याला कोणी परकं समजत नाही. फक्त नमस्कार करून हात लगेच पुढे धरायचे, पोरं तिथेच गोंधळतात. आणि टीचरला आधी सांगून ठेवा बरं का, नाहीतर आयत्या वेळी रांगेतच त्याचे हात सरळ करायला जायच्या.