मुलगा सात वर्षांचा झाला की वडिलांकडेच जातो का?

कुर्ल्याची आई
सलाम. माझा खुला, म्हणजे बायकोनं मागून घेतलेला तलाक, होऊन दोन वर्षं झाली. मुलगी दहाची, मुलगा जुलैत सातचा होईल. दोघं माझ्याकडे, कुर्ल्याला माहेरच्या खोलीत. सकाळी शाळेत कारकुनी, रात्री साड्यांना फॉल-बिडिंग. नऊ महिन्यांत त्यांच्या अब्बांनी रुपया दिलेला नाही. काल मात्र मोठ्या दिरांचा फोन: "सात पूर्ण झाले की पोरगा आमचा, शरियतच आहे तशी." पोरानं ऐकलं. रात्री म्हणतो, "अम्मी, वाढदिवस केला नाही तर मी सहाचाच राहीन ना?" खरंच द्यावा लागेल का?

दापोलीची आपा
तुम्ही कोकणी ना? मग बहुतेक शाफई पंथाचे. सातचं गणित हनफी पंथाचं: मुलगा सातपर्यंत, मुलगी वयात येईपर्यंत आईकडे. शाफईंत साधारण सातव्या वर्षी मुलालाच विचारतात, कुणाकडे राहायचं. दिरांनी अर्धाच मसला वाचलाय.

आणि ही झाली हिझानत, म्हणजे सांभाळ. विलायत, म्हणजे पालकत्व, वडिलांची, तसा खर्चही त्यांचाच. मूल आईकडे आहे म्हणून नफका, म्हणजे पोटगी, सुटत नाही. हे दिरांना कुणी सांगितलं नाही वाटतं!

शेवटी कोर्ट 1890 च्या पालकत्व कायद्यानं मुलाचं हित बघतं. समज आलेल्या मुलाचं म्हणणंही ऐकू शकतं. माझा आठचा होता तेव्हा वांद्र्याच्या कौटुंबिक न्यायालयात न्यायाधीशबाईंनी त्याला एकट्याला आत बोलावलं. मी बाहेर बाकड्यावर, मांडीवर त्याचा डबा. बाहेर येऊन म्हणाला, "शाळेत कोण सोडतं, तेवढंच विचारलं."

टायपिंगवाला
मी वकील नाही, वकिलाकडे टायपिंग करतो. पोटगीचा अर्ज थांबवू नका. तलाकशुदा मुस्लिम महिलांच्या 1986 च्या कायद्यातली मूल दोन वर्षांचं होईपर्यंतची मर्यादा मुलांच्या पोटगीला लागत नाही, हे सुप्रीम कोर्टानं 1997 मध्ये नूर सबा खातून प्रकरणात सांगितलंय. मुलाला सज्ञान होईपर्यंत, मुलीला लग्नापर्यंत. पोटगीचं फौजदारी प्रक्रिया संहितेतलं जुनं कलम 125 आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेत 144 झालंय. पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरतात, म्हणजे जितका उशीर तितकं नुकसान. शाळेच्या फीच्या पावत्या जपा. दुसऱ्या निकाहाचा विचार असेल तर वकिलाला आधीच सांगा, समोरचा तो मुद्दा काढणारच.

कुर्ल्याची आई
निकाह कुठला, झोपायला वेळ नाही. खुलानाम्यात "मुले आईकडे राहतील" अशी एक ओळ होती, कपाट उपसतेय. पावत्या अर्ध्याच सापडल्या. वाढदिवसाला शिरखुर्मा कर म्हणतोय, भर जुलैत.