१२० पीएसआय कशाला?
‘२३चा (२३ मिमी रुंद) टायर १२० पीएसआयला (हवेच्या दाबाचं माप) ठेवला की सायकल जास्त पळते’ असं म्हणतात, ते गुळगुळीत व्हेलोड्रोमवर (सायकल शर्यतीचा ट्रॅक) ठीक. मुंबईच्या पेव्हर ब्लॉकवर तोच टायर उड्या मारतो आणि दर उडीत तुमची ताकद वाया जाते. वजन ७० किलोच्या आसपास असेल तर २८ मिमी घ्या. ट्यूबसह मागे ७५, पुढे ७० भरून सुरुवात करा, मग ३-३ पीएसआयने हवा उतरवत बघा. ट्यूबवर शेजारी शेजारी दोन चिरा दिसल्या तर फार उतरवलीत: खड्ड्याच्या काठावर रिमने ट्यूब चिमटली. पावसाळ्यात ५ कमी. हुकलेस रिमला (जिच्या कडेला टायर धरून ठेवणारा आकडा नसतो) मात्र ७२ च्या वर नकोच. आणि विकत घेण्याआधी ब्रेक कॅलिपरखालची (टायरच्या वर बसणाऱ्या ब्रेकच्या चिमट्याखालची) जागा मोजा. जुन्या फ्रेममध्ये २५च्या पुढचा टायर बऱ्याचदा घासतो.