पुढे काय वाचू? वेळेवर हाती आलेल्या पुस्तकाचे अनुभव

मुक्कामपोस्ट

बाबा एसटीत चालक होते. तेहेतीस वर्षं गाडी चालवली. मुक्कामाच्या गावी, डेपोत, जिथं मिळेल तिथं पेपर वाचायचे, पण पुस्तक हातात धरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. या उन्हाळ्यात त्यांच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली. नवीन चष्मा आला त्या दिवशी त्यांनी कालनिर्णयच्या मागच्या पानांवरचा सगळा मजकूर वाचून काढला आणि मला म्हणाले, "काहीतरी वाचायला आण. पण खोटं नको. घडलेलं आण."

मला इतका आनंद झाला की दुसऱ्याच दिवशी चार पुस्तकं आणली. चारही गाजलेली. एकाही पुस्तकात ते वीस पानांपुढे गेले नाहीत. मला वाईट वाटू नये म्हणून चारही उशाशी नीट रचून ठेवली आहेत.

नुसती नावं नकोत, तशा याद्या माझ्याकडेही आहेत. तुम्ही स्वतः "आता काय वाचू?" म्हणत होता तेव्हा कुणी, तुमच्यात काय पाहून, कुठलं पुस्तक हातात ठेवलं? किंवा तुम्ही कुणाला दिलंत आणि ते लागू पडलं, नाही पडलं? तेवढं सांगा.

देवघेव, रत्नागिरी जिल्हा

'ब' वर्ग वाचनालयात देवघेवीच्या टेबलावर मला एकोणीस वर्षं झाली. "चांगलं पुस्तक द्या" म्हणणाऱ्याला मी लगेच पुस्तक देत नाही. आधी विचारते, शेवटचं कुठलं पुस्तक खाली ठेववलं नाही? बऱ्याच जणांना नाव आठवत नाही. मग दुसरा प्रश्न: कुणाच्या गप्पा ऐकत बसायला आवडतं?

आमच्याकडे एक खानावळवाल्या बाई येतात. वर्षानुवर्षं पाककृतींची पुस्तकं आणि दिवाळी अंक, बाकी काही नाही. एकदा म्हणाल्या, यातलं सगळं वाचून झालं, आता दुसरं द्या. मी माझा प्रश्न विचारला. त्या म्हणाल्या, "आजीच्या गप्पा. ती बोलायला लागली की चुलीवरचं करपायचं." मी त्यांना लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' दिली. मनात धाकधूक होती. पुस्तक जाडजूड, आणि त्यातला काळ शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचा.

नवव्या दिवशी बाई आल्या त्या मुदत वाढवून घ्यायला. दुपारी भांडी झाली की त्या कामाच्या दोघींना वाचून दाखवत होत्या. "पुस्तक परत केलं तर त्यांना पुढचं काय सांगू?" मग टेबलाशी उभं राहून त्यांनी मला विचारलं, "या बाईला शाळा नव्हती ना? मग एवढं लिहिलं कसं?" मी सांगितलं की लिहायला-वाचायला नवऱ्यानं शिकवलं. तेच रेव्हरंड टिळक, १८९५ साली ख्रिस्ती झाले आणि लक्ष्मीबाई कित्येक वर्षं त्यांच्यापासून दूर राहिल्या. पहिला भाग १९३४ साली आला तेव्हा लक्ष्मीबाई साठी ओलांडून गेल्या होत्या. बाई म्हणाल्या, "तरीच. उगाच सजवून सांगत नाही ती. झालं तसं सांगते आणि पुढे जाते." मराठीतल्या या पुस्तकाबद्दल मी बरंच वाचलं आहे, पण इतकं नेमकं बोललेलं फार थोडं.

तुमच्या बाबांनाही विचारा, ड्युटीवर असताना कुणाशी बोलायला आवडायचं?

रातपाळी, मिरज

मी परिचारिका आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी रात्रपाळीत दोनच्या सुमारास डोळे मिटायला लागायचे. कादंबरी घेतली की अर्ध्या पानात घंटी वाजे आणि परत येईपर्यंत धागा तुटलेला असे. आठ दिवसांत मी वाचनाचा नाद सोडला. आमच्या वयस्कर सिस्टरनी त्यांच्या पिशवीतून 'माणदेशी माणसं' काढून दिलं. म्हणाल्या, "एका फेरीत एक माणूस."

व्यंकटेश माडगूळकरांची व्यक्तिचित्रं ती. १९४९ सालचं पुस्तक. एकेक माणूस मोजक्या पानांत. पहिल्या रात्री धर्मा रामोशी वाचला आणि उठून वॉर्डात गेले. जे म्हातारे पेशंट मला तोवर खाटेच्या नंबरनं माहीत होते, त्यातल्या एकाला मी त्या रात्री गाव विचारलं. तो आटपाडीकडचा निघाला. पहाटे चारपर्यंत थांबून थांबून बोलत होता.

तेव्हापासून मी कुणालाही पुस्तक सुचवताना आधी विचारते, सलग किती वेळ मिळतो? वीस मिनिटंवाल्याला पाचशे पानं देऊ नयेत. त्याला वाटतं आपल्यालाच वाचता येत नाही.

मुक्कामपोस्ट

देवघेव, विचारलं हो. बाबा म्हणाले, "कंडक्टरशी. आणि घाटात गाडी थांबली की रस्त्याच्या कामावरच्या माणसांशी."

रातपाळी, मिरज

मग 'माणदेशी माणसं' मधला 'रामा मैलकुली' आधी वाचायला द्या. पुस्तक पहिल्या पानापासूनच वाचलं पाहिजे असं नाही.

अबोली

माझा अनुभव लागू न पडलेल्या पुस्तकांचा आहे. आमचे हे गेले त्या महिन्यात मला भेटायला येणाऱ्यांनी पाच पुस्तकं आणून दिली. मृत्यूवरची, दुःखातून सावरण्याची, एक गीतेवरचं. देणाऱ्यांची माया मला कळत होती. पण ज्यातून क्षणभर सुटका हवी होती तेच दर पानावर.

एका दुपारी भाच्याच्या खोलीत 'फास्टर फेणे' दिसला. लहानपणी भावांमध्ये मारामाऱ्या होत त्यावरून. भा. रा. भागवतांचा हा फुरसुंगीचा बनेश फेणे, पुण्यात विद्याभवनात शिकणारा, सायकलवर उडणारा. त्याचं ते "ट्टॉक" वाचलं आणि पंचवीस दिवसांत पहिल्यांदा मी दीड तास काही आठवत नव्हते. मग भाचा रोज एक आणून देऊ लागला. काही विचारायचा नाही, पलंगावर ठेवून जायचा. बारा वर्षांचा होता तेव्हा.

दुःखावरचं एक पुस्तक मी पुढे वाचलंही. दीड वर्षानं. तेव्हा ते मला कळलं.

पाचवी खोली, परभणी

बारावीनंतर पुण्याला आलो. होस्टेलवर जो तो म्हणायचा, 'कोसला' वाचलं नाहीस? १९६३ चं पुस्तक, खेड्यातून पुण्यात शिकायला आलेल्या पोराचं, म्हणजे माझंच असायला पाहिजे. मी तीनदा सुरू केलं, तीनदा सोडलं. पांडुरंग सांगवीकराच्या घरून पैसे यायचे, माझ्या घरी येत नव्हते; मला वाटतं तिथंच माझं मन अडायचं. पण हे कुणाला सांगायची लाज वाटायची. सगळ्यांना आवडलेलं पुस्तक आपल्याला उघडत नाही म्हणजे आपलं काहीतरी कमी.

मेसमध्ये लातूरचा एक सीनियर होता. तो मराठीचा नव्हे, शेतकीचा. त्यानं विचारलं, "घरी काय करतात?" म्हटलं, वडील शिवणकाम. तो काही बोलला नाही, रात्री येऊन 'पाचोळा' देऊन गेला. रा. रं. बोराडे, १९७१. गावातल्या शिंप्याच्या घराची गोष्ट, आणि ती सांगते त्या शिंप्याची बायको.

मी ते एका रात्रीत वाचलं. आमची माय बोलते तसं ते पुस्तक बोलतं. आमच्याकडची बोली छापता येते हेच मला माहीत नव्हतं. शाळेत तसं बोललं की बाई सुधारायच्या. गावातला मोठा माणूस कपडे शिवायला टाकतो, पैसे थकवतो, मागायची सोय नसते, हे मी लहानपणापासून बघितलेलं. सकाळी मायला फोन केला. काय बोलावं कळेना. म्हटलं, जेवलीस का?

सुट्टीत ते पुस्तक घरी नेलं. वडिलांनी मशीनवर बसून दहा-बारा पानं वाचली आणि विचारलं, "हा लिहिणारा शिंपी होता का?" त्यांच्याकडून याहून मोठी दाद असू शकत नाही.

'कोसला' मी पुढे चोविसाव्या वर्षी वाचलं. चौथ्यांदा सुरू केलं ते थेट शेवटपर्यंत. बहिणीच्या, मनीच्या मरणाची पानं मी आजही कधीमधी काढून वाचतो. पुस्तकाचं काही चुकलं नव्हतं, माझंही नव्हतं. म्हणून आता ज्युनियर मुलांना मी "हे वाचलंच पाहिजे" म्हणत नाही. त्या सीनियरसारखं आधी घरचं विचारतो.

खिडकीजवळची, डोंबिवली

थोडक्यात लिहिते, पण कामाचं आहे. सासूबाई खेडकडच्या. त्यांना 'तुंबाडचे खोत' आवडणार याची मला खात्री होती: जगबुडीच्या काठचं गाव, एका घराण्याच्या चार पिढ्या. श्री. ना. पेंडशांचे दोन जाड खंड वाढदिवसाला दिले. महिनाभर हात लावला नाही. मला वाटलं आवडलं नाही. खरं कारण निघालं मनगट. त्यांना संधिवात आहे, एवढं वजन पेलवत नव्हतं आणि सांगायला संकोच वाटत होता. मांडीवर पाट, पाटावर उशी, उशीवर पुस्तक अशी मांडणी करून दिली. दोन्ही खंड संपवले, आणि आता गावचं कुणी आलं की खोतांच्या घरातली माणसं ओळखीची असल्यासारखी बोलतात.

वयस्कर माणसासाठी पुस्तक घेताना अक्षर केवढं आहे ते पाहा आणि हातात धरून वजन पाहा. आवृत्तीगणिक फरक असतो.

मस्कतकर

आमची मुलगी तेरा वर्षांची. मराठी बोलते, वाचायला कंटाळते. जोडाक्षरांशी अडखळली की चिडते. मी आग्रह सोडला आणि रात्री दहा-पंधरा मिनिटं मोठ्यानं वाचायला लागलो. निवडलं 'पाडस'. मार्जोरी किनन रॉलिंग्जच्या कादंबरीचा राम पटवर्धनांनी केलेला अनुवाद. फ्लोरिडाच्या जंगलातलं गरीब घर, एकुलता मुलगा आणि त्यानं पाळलेलं हरणाचं पिल्लू. कोकण आणि देश तिला अनोळखी, फ्लोरिडाही तितकंच अनोळखी, त्यामुळे "हे आजोबांच्या वेळचं" अशी तक्रार आली नाही. मराठी मात्र इतकं रसाळ की वाचताना माझ्याच जिभेला बरं वाटायचं.

पाडस मोठं होऊन शेतातलं पीक खायला लागतं, तिथं मी एका रात्री थांबलो. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आलो तर ती पुढची पानं बोट ठेवून स्वतः वाचत होती. रडत होती आणि वाचत होती. मी बूट न काढता दारातच उभा राहिलो.

नर्मदेपल्याड, इंदूर

मुक्कामपोस्ट, तुमच्या बाबांसाठी खास लिहितोय. माझे वडील आग्रा रोडवर ट्रक चालवायचे. त्यांनाही "घडलेलं"च लागायचं. त्यांना मी विष्णुभट गोडसे यांचं 'माझा प्रवास' दिलं होतं, आणि त्यांच्या शेवटच्या वर्षात ते त्यांनी दोनदा वाचलं.

वरसईचे हे भिक्षुक. डोक्यावर कर्ज. बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार, दक्षिणा मिळेल, म्हणून काकांबरोबर उत्तरेकडे निघाले. साल १८५७. आमच्या महूला पोचेपर्यंत बंडाची कुणकुण लागलेली. पुढे झाशीला वेढा पडला तेव्हा ते झाशीतच होते. राणी लक्ष्मीबाईंच्या शहरात तोफगोळे पडताना आत राहिलेल्या माणसानं लिहिलेलं हे आहे, आणि तो सैनिक नाही, कवी नाही. पैसा मिळवायला निघालेला, जीव मुठीत धरून चालणारा साधा गृहस्थ. खायला काय मिळालं, पाणी कुठं होतं, वाट कशी होती, कुणी लुटलं, सगळं सांगतो. चिंतामणराव वैद्यांनी ते १९०७ साली छापून आणलं.

भाषा जुनी आहे. पहिली पंधरा पानं तुम्ही शेजारी बसून वाचा, मग गाडी आपोआप सुरू होईल. परतताना त्यानं सोबत काय आणलं ते इथं सांगत नाही. ते बाबांना कळू दे.

मुक्कामपोस्ट

सगळ्यांना उत्तर द्यायला तीन आठवडे लागले.

रामा मैलकुली वाचून बाबा बराच वेळ गप्प बसले. मग त्यांनी मला घाटातल्या एका मुकादमाची हकिकत सांगितली, जी मी चाळीस वर्षांत ऐकली नव्हती. बाकीची माणसं रोज एक या हिशेबानं संपवली.

'माझा प्रवास'ची मोठ्या अक्षरांची प्रत मिळाली नाही, म्हणून एक भिंग आणलं. सुरुवातीची पानं मी शेजारी बसून वाचली. चौथ्या दिवशी म्हणाले, आता तू जा. नातीचा शाळेचा नकाशा मागून घेतला आहे आणि पेन्सिलीनं वाट काढत चालले आहेत. बाबांनी इंदूरची गाडी केली होती, सेंधव्याचा घाट त्यांच्या पायाखालचा. "मी डिझेलवर चढायचो तिथं. हा चालत गेला," असं स्वयंपाकघरात येऊन सांगून गेले.

काल रात्री अकरा वाजून गेले तरी त्यांच्या खोलीतला दिवा चालू होता. आत गेले तर भिंग छातीवर, चष्मा कपाळावर, जागेच होते.

"परत लुटलं गं त्याला," म्हणाले. "आता जवळ काहीच नाही. आणि घर अजून कुठल्या कुठं आहे."

मी विचारलं, दिवा घालवू का? म्हणाले, नको, एवढं गाव पार होऊ दे.