त आणि ट मधला फरक
"मूल बोलायला लागल्याशिवाय त्याच्या भाषेचा अभ्यास कसला करणार, नुसते अंदाज" हे मत मला पटत नाही. मानसशास्त्रज्ञ जॅनेट वर्कर यांची बरीचशी कारकीर्द न बोलणाऱ्या बाळांवरच उभी आहे. कॅनडात सहकारी रिचर्ड टीस यांच्याबरोबर केलेलं त्यांचं १९८४ चं काम तर आपल्याला जवळचं वाटावं असं, कारण त्यात हिंदीतले त आणि ट वापरले होते. बाळाला एकच आवाज पुन्हा पुन्हा ऐकवायचा. मध्येच तो बदलला आणि बाळाने मान वळवली, की बाजूच्या पेटीत दिवा लागून खेळणं हलायला लागतं. या बक्षिसासाठी बाळं मन लावून ऐकतात! इंग्रजी घरांतल्या सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना हा फरक कळत होता, दहा-बारा महिन्यांच्या बहुतेकांना नाही. मोठी बाळं कंटाळली असतील, असं कुणी म्हणेल. पण हिंदी ऐकत वाढणाऱ्या त्याच वयाच्या बाळांना तो व्यवस्थित कळत होता, म्हणजे प्रश्न कंटाळ्याचा नव्हता.

मात्र यावरून "वर्षाच्या आत शिकवलं नाही तर दार बंद" असा जो सूर काही जण लावतात, तो जरा जास्तच होतो. वर्कर आणि टीस यांनीच पुढे दाखवलं, की एकामागून एक ऐकवलेल्या दोन आवाजांमधला वेळ अगदी कमी ठेवला तर इंग्रजी बोलणाऱ्या प्रौढांनाही असा फरक ओळखता येतो. कान तोच असतो, लक्ष कशाकडे द्यायचं ते बदलतं.