जीएंची कथा आणि पडदा

कुणीतरी लिहिलंय की जीएंच्या, म्हणजे कथाकार जी. ए. कुलकर्णींच्या, कथा सिनेमाच्या पडद्यावर येऊच शकत नाहीत, कारण सगळं शब्दांतच आहे. अर्धंच पटलं. अमोल पालेकरांनी त्यांच्या ‘कैरी’ या कथेवर सिनेमा केलाय की हो, तोही हिंदीत! आणि जीए स्वतः चित्रं काढायचे. एवढं रंगांत लिहिणाऱ्याचं ‘फक्त शब्दांतच’ कसं असेल?

माझं म्हणणं वेगळंच आहे. जीए बेळगावात शिकले, पुढं धारवाडला कॉलेजात इंग्रजी शिकवत राहिले. ही हवा ठाऊक नसली की त्यांचा अंधार नुसता तत्त्वज्ञानाचा वाटतो. मी बेळगावातल्या शहापूरला राहतो. जुलैत इथं आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, कौलांवर शेवाळ धरतं. अशाच एका दुपारी जीएंचा ‘काजळमाया’ हा कथासंग्रह वाचत होतो, वीज गेलेली. मधेच उठून बोळाचा फोटो काढला. ओल्या भिंती, एक कंदील, छत्री घेऊन चाललेली म्हातारी. मित्राला पाठवला तर म्हणाला, “फोटो काळाच आलाय, परत काढ.” काढला नाही. कॅमेरामननं आधी एक पावसाळा इथं काढावा, मग बोलू.